चौकापुरता पाऊस

त्याला खात्यात सगळे पाऊसराव म्हणत. खरं नाव हजेरीच्या वेळी तेवढं ऐकू यायचं, तेही साहेबांच्या नाकातून, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात राहत नसे. आधी तो बागांना पाणी घालणारा टँकर चालवायचा. मग वरच्यांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, टँकरच्या पाठीवर एक तोंड वासलेलं लोखंडी नळकांडं बसवलं गेलं. आत पंखा फिरायचा आणि पाण्याचा बारीक तुषार उंच उडायचा. कागदोपत्री त्याला भलंमोठं नाव होतं, खात्यात त्याला तोफ म्हणत. तोफ डागायची कुणावर, तर हवेतल्या धुळीवर. हे ऐकून जे हसले त्यांत पहिला पाऊसराव स्वतःच होता. पण नोकरी म्हटल्यावर हसून झालं की किल्ली फिरवावी लागतेच.

कामाची जागा ठरलेली होती. शहरातल्या सगळ्यात मोठ्या चौकात फुटपाथवर पत्र्याची एक केबिन होती. तिच्या डोक्यावर हवा ओढून घेणारं यंत्र आणि शेजारी खांबावर बोर्ड. हवा बरी असली की बोर्डावरचा आकडा हिरवा, मध्यम असली की पिवळा, वाईट असली की लाल. तोच आकडा लोकांच्या मोबाइलवरही जायचा. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "अख्खं शहर धुवायला आपल्याकडे पाणी नाही. केबिनभोवती मारा. आकडा खाली आला पाहिजे."

"आणि बाकीच्या शहराचं काय?" पाऊसरावाने विचारलं.

"बाकीच्या शहरात यंत्र आहे का?" साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

साहेब मनाने वाईट होते असं नाही. त्यांनाही वरून कुणीतरी रोज आकडाच विचारायचं, हवेची चौकशी कुणी करत नव्हतं.

पाऊसरावाला यात काही वावगं वाटलं नाही. उलट त्याला हे काम आवडलं, कारण चौकासमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्याची ताई राहत होती. तोही तिच्याजवळच राहायचा. आईवडील गेले तेव्हा त्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. ताईने त्याला वाढवलं ते टोलनाक्यावर नोकरी करून. एवढंसं खोकं, त्याला एक खिडकी. खिडकीतून हात आत यायचा, हाताबरोबर धूर यायचा. हात बाहेर जायचा, धूर आतच राहायचा. कुणी लग्नाचा विषय काढला की ती म्हणायची, आधी छोट्याचं होऊ दे. छोट्याचं काही जमलं नाही आणि तिचंही राहून गेलं. नोकरी संपली तेव्हा तिची फुप्फुसं निम्मीच कामाची उरली होती.

डॉक्टरांनी सोपा नियम घालून दिला होता. बोर्ड हिरवा असेल तर खिडकी उघडून बसायचं, लाल असेल तर खिडकी बंद आणि ऑक्सिजनचं मशीन जवळ. ताईला बंद खोलीचा तिटकारा होता. जन्म खोक्यात गेला, आता म्हातारपणीही खोकंच का, असं ती चिडून म्हणायची. म्हणून पहिल्या दिवशी घरी येऊन पाऊसरावाने छाती पुढे काढून सांगितलं, "ताई, आता तुझ्यासाठी खास पाऊस पाडतो की नाही बघ. मी खाली असलो की तू बिनधास्त खिडकी उघडायची."

ताईला केवढा आनंद झाला. शेजारणीला ती सांगत सुटली, आमचा छोट्या हवा धुतो. दुपारी ती खुर्ची खिडकीशी ओढून बसायची आणि तोफ सुरू झाली की वरून हात हलवायची. पाऊसराव मान वर करून हात हलवायचा. त्या हातासाठी तो दिवसभर उन्हात उभा राहायला तयार होता.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. वारा नाही, ढग नाहीत, भांडी विसळलेल्या पाण्यासारखं आकाश रोज तसंच डोक्यावर. गाड्या मात्र वाढतच होत्या. त्यात पाऊसरावाचा टँकर डावी लेन अडवून उभा, त्यामुळे मागे गाड्यांची रांग लागायची आणि बंपरला बंपर लावून सगळ्या नुसत्या धुमसत राहायच्या.

अशाच एका दुपारी त्याला पहिल्यांदा ती माणसं दिसली.

तोफ चालू करून तो टँकरमध्ये डोळे मिटून बसला होता. डोळे उघडले तर तुषाराच्या रिंगणात, यंत्रासमोर, एक बाई उभी होती. अंगात घरातला गाऊन, पाय अनवाणी. तिच्या बाजूला खांद्यावर टॉवेल टाकलेला एक माणूस. दोघं यंत्राकडे तोंड करून उभी होती आणि दोघांची तोंडं किंचित उघडी होती. पाऊसरावाला वाटलं, उकाड्याने हैराण झाली असतील, घेऊ दे गारवा. मग त्याच्या लक्षात आलं की तुषार त्यांच्यावर पडतोय आणि त्यांचे कपडे मात्र कोरडे ठणठणीत आहेत. त्याने घाईने तोफ बंद केली. तुषार विरळ होत गेला, तशी ती दोघंही विरळ झाली, आणि फुटपाथ रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशी माणसं वाढली. तिसऱ्या दिवशी आणखी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. कुणी ढकलाढकली करत नव्हतं, आणि गर्दीत ढकलाढकली नाही म्हणजे पाऊसरावाला ती गर्दीच खरी वाटेना. येणारी-जाणारी माणसं त्या रिंगणातून सरळ चालत जायची आणि फक्त चष्मा पुसायची. पाऊसरावाने ठरवलं की डोळे गेले आपले. आता वयही झालं.

चौकाच्या कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान होतं. चष्मेवाल्याने त्याला खुर्चीत बसवलं, डोळ्यांपुढे भिंगं सरकवली, अक्षरं वाचायला लावली.

"तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे," चष्मेवाला म्हणाला. "उगाच नंबर काढून कशाला देऊ?"

पाऊसरावाला हायसं वाटलं आणि लगेच वाटेनासं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "तुमचे बाबा हिंडायला लागले ते बरं झालं. काल चौकात दिसले. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा होता अंगात."

चष्मेवाल्याचा हात भिंगावर तसाच राहिला. "थट्टा करता का हो? बाबा अंथरुणाला खिळलेत. कूस बदलायची तर दोघं जण लागतात." मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "पायजम्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दुसरं कुणी असेल," पाऊसराव म्हणाला. "हवा तरी मिळते ना त्यांना?"

"मिळते की. बोर्ड हिरवा असला की आम्ही त्यांचा पलंग खिडकीशी सरकवतो. तुमची कृपा."

दुकानातून निघून पाऊसराव तडक केशकर्तनालयात गेला, कारण खांद्यावर टॉवेल टाकून दिवसभर वावरणारा माणूस चौकात एकच होता. खुर्चीशी दुसराच कुणीतरी कात्री चालवत होता. त्याने सांगितलं की मालक दवाखान्यात आहेत, छातीत कफ साठलाय, वरच्या मजल्यावरच राहायचे आणि खिडकी उघडी टाकून झोपायची सवय.

त्या आठवड्यात यंत्र तपासणाऱ्या बाई आल्या. महिन्यातून एकदा येऊन त्या केबिन उघडायच्या, नळ्या पुसायच्या आणि निघून जायच्या. या वेळी त्या टँकरकडे बघत कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हे तुम्ही रोज करता?"

"रोज. हवा धुतो."

बाई हसल्या नाहीत. "काका, खरा पाऊस उंचावरून येतो आणि येताना वाटेतली धूळ सोबत खाली आणतो. तोही चांगला तासन्‌तास पडावा लागतो. तुमच्या तुषाराने या केबिनजवळची जाड धूळ तेवढी बसते. आकडा बहुतेक तिच्यामुळेच चढतो, ती बसली की तो उतरतो. गाड्यांचा बारीक धूर या पाण्याला दाद देत नाही, आणि छातीत खोल जाऊन बसतो तो तोच."

"म्हणजे धूर आहे तसाच?"

"आहे त्याहून जास्त. मागे बघा ना, तुम्ही लेन अडवलीत. ह्या सगळ्या गाड्या जागच्या जागी धूर सोडतायत." बाईंनी केबिनला कुलूप लावलं. "मी वर कळवलंय. मला म्हणाले, आकडा चांगला येतोय, मग तुमची तक्रार काय आहे?"

पाऊसरावाने मागे पाहिलं. रांग दूरवर गेली होती, आणि तिच्यावर करडा थर तरंगत होता, बरोबर तिसऱ्या मजल्याच्या उंचीपर्यंत. वरून ताई हात हलवत होती.

आता इथे दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जिना चढून वर जायचं आणि ताईला सगळं सांगून मोकळं व्हायचं. सांगणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी कुणाच्या कौतुकावर दिवस काढलेले नसतात. पाऊसराव वर गेला, जेवला, आणि एवढंच म्हणाला, "ताई, आजकाल खिडकी जरा कमी उघडत जा."

"का रे? बोर्ड हिरवा तर असतो."

"तसं नाही, पण."

"पण काय? तू असतोस ना खाली." तिला बोलता बोलता धाप लागली. ती थांबली, श्वास गोळा केला आणि हसली. "तुझ्या पावसाने मला किती बरं वाटतं तुला नाही कळायचं."

तिला बरं वाटत नव्हतं. तिचे ओठ आठवडाभरात काळपट झाले होते आणि हे त्याला दिसत होतं, कारण नजर चांगली होती. तरी तो गप्प बसला. भित्रा होता तो, दुसरं काय म्हणणार.

दोनच दिवसांनी चष्मेवाल्याचे बाबा रिंगणात आले नाहीत. त्यांची जागा कुणी घेतली नव्हती, बाकीचे जरा सरकून उभे होते एवढंच. पाऊसरावाने कोपऱ्यावर पाहिलं. दुकानाचं शटर खाली होतं आणि बाहेर चपलांचा ढीग पडला होता. मग टॉवेलवाला येईनासा झाला, आणि केशकर्तनालयही बंद दिसलं. पाऊसरावाला हिशोब कळला. रिंगणात येतं ते अंथरुणावर पडलेलं, श्वासासाठी तडफडणारं माणूस. घरात हवा मिळेना म्हणून हिरव्या आकड्याच्या शोधात त्याचं काहीतरी खाली येऊन उभं राहतं. आणि रिंगणात यायचं थांबतं ते कायमचं जातं. बरं होऊन गेलं असं त्याला एकही माणूस सापडलं नाही, आणि सापडावं म्हणून त्याने खूप चौकशी केली.

त्याने रजा मागितली. साहेब म्हणाले, पाऊस पडू दे, मग घे. त्याने तोफ नादुरुस्त असल्याचं सांगितलं. साहेबांनी मेकॅनिक पाठवला आणि मेकॅनिकने तोफ आणखी जोरात करून दिली.

त्या दिवशी दुपार उतरत आली होती. तुषाराचं रिंगण माणसांनी गच्च भरलं होतं. पाऊसराव त्यांच्याकडे न बघता समोर काचेतून बघत बसला. वायपर फिरला आणि टँकरच्या अगदी पुढ्यात, भर रस्त्यात, त्याला टोलनाक्याचा निळा कोट दिसला.

ताई होती. नोकरी लागली तेव्हाचा कोट, केस तेव्हासारखे घट्ट बांधलेले, चेहरा मात्र आजचा. तोंड किंचित उघडं.

त्याने तोफेचं बटण असं खाली दाबलं की ते तुटून हातात आलं. पंखा घरघरत थांबला. बोर्डावरचा हिरवा आकडा हलला. आधी सावकाश, मग भराभर चढत पिवळा झाला, आणि बघता बघता लालभडक. लाल झाला म्हणजे ताई खिडकी लावणार, मशीन नाकाला लावणार, आता काळजी नाही, असं तो स्वतःला समजावत होता. रिंगणातली माणसं पुसट होत एकेक करून निघून गेली. आकडा लाल झाला, त्यांच्या घरच्यांनी खिडक्या लावल्या असतील.

ताई गेली नाही.

पाऊसराव खाली उतरला. "ताई, घरी चल," तो तिच्याजवळ जाऊन म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. बाकीचे सगळे यंत्राकडे बघायचे. ती टँकरच्या पाठीवरच्या तोफेकडे बघत होती, आता सुरू होईल मग सुरू होईल अशी वाट बघत असल्यासारखी. तिच्या छातीची हालचाल त्याला दिसेना. तो टँकर तसाच टाकून इमारतीकडे धावला.

तिसऱ्या मजल्यावर खिडकी सताड उघडी होती. ताई खुर्चीत कलंडली होती. लाल आकडा तिच्या चेहऱ्यासमोर जळत होता.

"अगं ताई, बोर्ड लाल झालाय! दिसत नाही का तुला?"

"दिसतंय की," ती म्हणाली. प्रत्येक शब्दाला तिला थांबावं लागत होतं. "पण खाली तुझी गाडी उभी होती. म्हटलं, माझा भाऊ पाऊस पाडतोय. हवा कशी वाईट असेल? यंत्रच बिघडलं असेल मेलं."

त्याला रडू फुटलं. रडतच त्याने खिडकी लावली, मशीन सुरू केलं, नळी तिच्या नाकाला लावली, ॲम्ब्युलन्सला फोन केला. ॲम्ब्युलन्स जवळच होती. सायरन ऐकू आला, मोठा झाला, आणि मग मोठा व्हायचा थांबला. पाऊसरावाने काचेतून खाली पाहिलं. त्याने सोडलेला टँकर डाव्या लेनमध्ये तसाच, त्याच्यामागे गाड्यांचा लोंढा अडकलेला, हॉर्नचा नुसता कल्लोळ, आणि लोंढ्याच्या पार शेवटी ॲम्ब्युलन्सचा दिवा जागच्या जागी फिरत होता. टँकरच्या पुढ्यात निळा कोट अजून उभा होता.

शेजारणीला ताईजवळ बसवून तो जिने उतरला. लोक शिव्या घालत होते, कुणीतरी टँकरच्या दारावर लाथ मारली. त्याने वर चढून इंजिन सुरू केलं. समोर काचेपासून दोन हातांवर ताई. डावीकडे केबिन, उजवीकडे गाड्या, मागे गाड्या. टँकर सरकायचा तर सरळ पुढेच, तिच्या अंगावरून.

कुणालाच ती दिसत नव्हती. माणसं तिच्यातून येत-जात होती आणि तिला काही होत नव्हतं. पण त्यांतलं कुणी तिचा भाऊ नव्हतं. त्याने हॉर्न दिला. तिने वर तोफेकडेच नजर ठेवली. त्याचा पाय क्लचवरून उठेना.

शेवटी त्याने काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं.

"ताई, पाऊस येणार नाही," तो ओरडून म्हणाला. मागचे हॉर्न एवढे होते की त्याचं त्यालाच ऐकू येत नव्हतं. "हा पाऊस कधीच नव्हता गं. नुसतं पाणी होतं. यंत्राला फसवायचं पाणी. मला ठाऊक होतं आणि मी तुला सांगितलं नाही. तू हात हलवायचीस म्हणून सांगितलं नाही. चूक झाली माझी. आता बाजूला हो ताई, तुझ्या पाया पडतो."

तेव्हा तिने पहिल्यांदा नजर खाली आणली आणि त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी खोटं पकडल्यावर पाहायची तसंच, न रागावता, वाट बघत. मग तिने तोंड मिटलं आणि ती फुटपाथवर चढली. पाऊसरावाने टँकर पुढे घेतला. बाजूने ॲम्ब्युलन्स निघून गेली. आरशात त्याला रिकामा फुटपाथ दिसला, तसा टँकर कडेला लावून तो जिन्याकडे धावला.

तो वर पोहोचला तेव्हा ताईला स्ट्रेचरवर घेत होते. श्वास चालू होता. बारीक, ओढून घेतलेला, पण चालू. तो तिच्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये बसला. तिचा हात हातात घेतला, तर तो चांगला ऊबदार होता. गाडी हलली. बरंच अंतर गेल्यावर ताईने डोळे उघडले, दुसऱ्या हाताने तोंडावरचा मास्क जरासा उचलला.

"छोट्या," ती म्हणाली. "नुसतं पाणी होतं, तर मग इतके दिवस मी छातीत काय ओढत होते रे?"

घरात तो तिच्याशी याबद्दल एक अक्षरही बोलला नव्हता. मागे दार लावून बसलेल्या नर्सने मास्क परत नीट बसवायला हात पुढे केला. पाऊसरावाने तिला थांबवलं, कारण ताई उत्तराची वाट बघत होती.

"धूर, ताई," तो म्हणाला. "त्यात माझ्या गाडीचाही."